रविवारची टाकी

आमचे हे पुन्हा कधी चालले नाहीत. आधीच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला शेवटपर्यंत टांगून ठेवणाऱ्या गोष्टी मला आवडत नाहीत. टांगून राहणं काय असतं ते मी पुरेपूर भोगलं आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. चिंचवडला स्टेशनच्या अंगाला एका चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. हे, मी आणि सासूबाई, एवढाच संसार. मूल नव्हतं, आणि त्याबद्दलचे सगळ्यांचे सल्ले ऐकून संपत आले होते, तोवर हे दुसरं संकट पुढ्यात आलं. हे फिटर होते, भोसरीकडच्या एका लहान वर्कशॉपात. तिथं दाबाच्या टाक्या बनायच्या, कुणाला हवेसाठी, कुणाला वाफेसाठी. जाड पत्रा गोल वाकवायचा, वेल्डिंग करायचं, झाकणं बसवायची, मग आत पाणी भरून दाब देऊन बघायचा. गळली नाही की नारळ फोडून टाकी ट्रकवर चढवायची. हे घरी आले की कपड्यांना लोखंडाचा वास यायचा आणि मी नाक मुरडायची. पुढे घरात फिनेलचा वास मुक्कामालाच आला, तेव्हा लोखंडाचा वास किती बरा होता ते कळलं.

एका सकाळी टाकीचं धूड क्रेनने उचलताना ते झुललं आणि हे ज्या मचाणावर उभे होते त्याला लागलं. हे खाली पडले ते पत्रा टेकवायच्या लोखंडी घोड्याच्या कडेवर, पाठीवरच. क्रेनवाल्याला खालून हाताने इशारे करत होते ते ह्यांचे जोडीदार, वेल्डर, कुरुळीचे. मी त्यांना भाऊजी म्हणायची. साखळी सरकली, असं चौकशीत निघालं आणि कुणी त्यांना बोल लावला नाही. मीही नाही. पण लावला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. माणूस एकदा भांडून मोकळा तरी झाला असता.

पुण्यात ऑपरेशन झालं. मणका बसवला, पण आतला मज्जारज्जू चेंगरलाय, असं डॉक्टर म्हणाले. कमरेखाली काही नाही. पाय नाहीत, लघवी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. "येईल ना परत?" मी विचारलं. "बघू," ते म्हणाले. त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं तर मी त्यांच्या अंगावर धावून गेले असते, हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असणार. पण त्या एका 'बघू'ने माझं वाटोळं केलं.

घरी आणल्यावर माणसांची रीघ लागली. येणारा प्रत्येकजण एक इलाज घेऊन यायचा आणि चहा पिऊन जायचा. तळेगावच्या पुढच्या कुण्या हाडवैद्याचा लेप झाला. कुणाच्या गुरूंचा अंगारा झाला. सासूबाई उपासांनी निम्म्या झाल्या. मी रोज सकाळी ह्यांच्या पायांना कोमट तेल चोळायची, मांडीपासून बोटांपर्यंत, आणि चोळताना ह्यांच्या तोंडाकडे बघायची. काही कळतंय का? हे मान हलवायचे. एकदा माझा संताप संताप झाला आणि मी मांडीला चिमटा काढला, चांगला रक्त साकळेपर्यंत. हे पेपर वाचत होते. वाचतच राहिले. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

नवरा-बायको म्हणून आम्ही बोलतच नव्हतो. बोलणं सगळं लघवीच्या नळीचं, कुशीवर वळवण्याचं, पाठीच्या जखमेचं. पलीकडच्या खोलीत सासूबाई, दारात शेजारीण, कॉटच्या कडेला कुणीतरी संत्री घेऊन बसलेलं. भाऊजी तर रोज. शिफ्ट सुटली की सायकलवरून आधी आमच्याकडे, मग कुरुळीला घरी. यायचे, ह्यांचे पाय दाबत बसायचे, एक शब्द न बोलता. मला कधीकधी वाटायचं, ह्यांच्यापेक्षा भाऊजीच लवकर मरतील.

देहूरोडला लष्करातून निवृत्त झालेले एक डॉक्टर राहत होते. त्यांचा पत्ता भाऊजींनीच काढला आणि आम्ही दोघं बसने गेलो. डॉक्टर म्हातारे होते, पण आमच्यासाठी वेळ काढून बसले. म्हणाले, समुद्रात खोल बुडी मारणाऱ्या माणसांना काही झालं तर त्यांना लोखंडी खोलीत घालतात, तिच्यात हवेचा दाब वाढवतात आणि ऑक्सिजन देतात. तशी खोली नौदलाकडे आहे. परदेशात कुणीकुणी मज्जारज्जूच्या दुखापतीलाही तो उपाय करून बघत आहेत. सुजलेल्या जागी रक्त नीट पोचत नाही, पण दाबाखाली ऑक्सिजन जास्त विरघळतो आणि तिथवर जातो, अशी त्यामागची कल्पना. "पण ते अगदी सुरुवातीच्या काही तासांत," ते म्हणाले. "आणि त्यातही गुण येतोच, असं कुणी छातीठोक सांगत नाही. तुमच्या यजमानांच्या दुखण्याला आता वर्ष होत आलं. तिथं तुम्हाला घेणार नाहीत, बाई. आणि घेत असते तरी मी पाठवलं नसतं."

इतकं स्पष्ट सांगितलं त्यांनी. त्यांना काडीचा दोष नाही. मी मात्र त्या सगळ्यातून 'दाब' आणि 'ऑक्सिजन' एवढंच पदरात घेऊन उठले.

परतीच्या बसमध्ये भाऊजी खिडकीतून बाहेर बघत होते. आकुर्डी आली तशी एकदम वळले. "वहिनी, दाबाची टाकीच की ती. दुसरं काय हाय तिच्यात?"

"म्हणजे?"

"म्हंजी टाक्या तर आमीच करतो न्हवं? ऑक्सिजन बी हाय आमच्याकडं, गॅस कटिंगचा. त्या नौदलवाल्यांनी काय आभाळातनं आणलीय व्हय?"

मला तेव्हा हसू यायला हवं होतं, नाहीतर भीती वाटायला हवी होती. मी त्यांचा हात धरला. भर बसमध्ये, लोक बघत असताना. "कराच," म्हटलं.

वर्कशॉपच्या मागच्या अंगणात एक टाकी गंजत पडली होती. तिचं पाइप जोडायचं एक तोंड चुकीच्या जागी पडलं म्हणून गिऱ्हाइकाने परत केलेली. जोड मात्र पक्के होते. मालक पुण्यात राहायचे, रविवारी फिरकायचे नाहीत, आणि वॉचमन ह्यांच्याच दोस्तांतला. ह्यांच्याबरोबरची माणसं रविवार रविवार तिथं जमू लागली. एका टोकाला आख्खं झाकण बोल्टने आवळता येईल असं केलं, म्हणजे माणूस आडवा सरकवता येईल. आत फळी बसवली. बाजूला जाड काच घातली. दाब दाखवायला गेज, जास्त झाला तर आपोआप सुटायला व्हॉल्व्ह. कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची आणि ऑक्सिजन नळीने तोंडावरच्या मुखवट्यात. मी डबा घेऊन जायची आणि बघत उभी राहायची. पाणी भरून दाब दिला तेव्हा भाऊजी प्रत्येक जोडावरून तळहात फिरवत होते, गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवतात तसा. एक थेंब गळला नाही. सगळ्यांच्या तोंडावर असा उजेड आला, जणू ह्यांचे पाय त्या टाकीतच ठेवलेले असावेत आणि आता फक्त काढून घ्यायचे उरलेत.

ह्यांना विचारलं का? विचारलं, म्हणायला. हे म्हणाले, "तुम्ही सगळे एवढं म्हणताय तर बसतो." मी तो होकार धरला.

ऑक्सिजनला तेलाचं वावडं, दोन्ही एकत्र आले की भडका उडतो. वेल्डिंगवाल्यांना ते पाठ असतं. भाऊजींनी बजावलं होतं की अंगाला, केसांना तेलाचा अंश नको, कपडे सुतीच हवेत. म्हणजे जे तेल मी वर्षभर त्या पायांत जिरवलं, तेच आता डाळीच्या पिठाने घासून काढायला बसले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, कातडं काढशील." मी घासत राहिले.

त्या रविवारी टेम्पोतून ह्यांना कॉटसकट नेलं. टाकीला कुंकू लावलं, नारळ फोडला. टाकीच्या आत माणूस काम करत असला की बाहेरचा पान्याने ठोकतो आणि आतला ठोकून उत्तर देतो, ही तिथली रीत. एक ठोका म्हणजे ठीक चाललंय. धडाधड ठोकलं तर काढा. ह्यांच्या हातात ठोकायला पितळेची मूठ दिली, ठिणगी उडू नये म्हणून पितळेची, फळीवरून आत सरकवलं आणि बोल्ट आवळले. कॉम्प्रेसर सुरू झाला. गेजचा काटा वर चढू लागला. भाऊजी बाहेरून ठोकायचे, आतून एक ठोका यायचा. पुन्हा ठोकायचे, पुन्हा एक. मी त्या ठोक्यांवर जीव धरून होते. काचेतून ह्यांचं कपाळ तेवढं दिसायचं.

बाहेर काढलं तेव्हा अंगावरचा सदरा घामाने चिंब होता आणि उजव्या कानातून रक्ताची रेघ मानेपर्यंत आली होती. हे डोळे मिटून पडले होते. भाऊजी वाकले. "काय गड्या? काय वाटलं का?"

ह्यांनी डोळे उघडले. बघितलं त्यांच्याकडे. मग म्हणाले, "अंगठ्यात मुंग्या आल्या."

भाऊजी मटकन खाली बसले आणि मोठ्यांदा रडायला लागले. एवढा दणकट माणूस, अगदी पोरासारखा. कुणी पेढे आणायला पळालं. मी ह्यांचे दोन्ही पाय छातीशी धरले, सगळ्यांच्या देखत, आणि मला लाज वाटली नाही. कानाकडे कुणी बघितलंच नाही. पडदा फाटला होता. कानाच्या डॉक्टरला आम्ही सर्दी सांगितली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी उठल्याबरोबर, "आहेत का मुंग्या?" जेवताना, "आता?" हे म्हणायचे, "मधूनच येतात." कुठल्या पायात, ते एकदा उजव्या म्हणाले, एकदा डाव्या. मला ते ऐकू आलं आणि मी ते ऐकलं नाही. कान वाहायचा थांबला तशी भाऊजींनी पुन्हा तयारी काढली. तेव्हा ह्यांनी अट घातली. "ही आत येणार असेल तर जातो."

"वहिनींचं काय काम हाय आत?"

"मला एकट्याला गुदमरतं."

कुणाला पटलं नाही, पण नाही म्हणवेना. मी शिकेकाईने केस धुतले, जुनं सुती लुगडं नेसले आणि ह्यांच्या मागून त्या टाकीत शिरले. आत अंग चोरून बसण्यापुरती जागा होती. झाकण लागलं. एकेक बोल्ट आवळल्याचा आवाज डोक्यात जात होता. मग हवा सुटली. आधी गरम झालं, भट्टीशेजारी बसल्यागत, आणि कान दुखू लागले. "नाक दाब आणि फुंक," हे म्हणाले. मी फुंकलं, कान मोकळे झाले. आपण ह्यांना हे पहिल्या वेळेला सांगायला हवं होतं, असं मनात आलं. पण तेव्हा आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं. उजवा कान फुटल्यावर डावा वाचवताना ह्यांनी स्वतःच ते शोधून काढलं होतं.

"आता बोल," हे म्हणाले, आणि आवाज असा आला की कुणी नाकात चिमटा लावून बोलतंय. मी म्हटलं, "अगंबाई!" तर माझाही तसाच. दाबामुळे आवाज तसा होतो म्हणे. आम्हाला हसू फुटलं. आम्ही दोघं हसलो. वर्षभरात पहिल्यांदा, त्या लोखंडी पिंपात, तोंडावर मुखवटा आणि बाहेर ठोके चाललेले. मी पितळेच्या मुठीने एक ठोका दिला.

हसणं थांबल्यावर ह्यांनी मुखवटा बाजूला केला. "आता कुणी ऐकत नाहीये ना?"

"कोण ऐकणार इथं?"

"मुंग्या आल्या नव्हत्या."

मी मुखवटा पुन्हा ह्यांच्या तोंडावर धरू लागले, तो ह्यांनी बाजूला सारला.

"कधीच नाही. त्या दिवशी पण नाही, नंतर पण नाही. कान फुटला तेव्हा ठोकायला हात उचलला होता. पण काचेतून माझा जोडीदार दिसत होता. त्याचं तोंड बघून ठोकवलं नाही."

"मग बोललात कशाला तसं?" मी ओरडले, आणि तो नाकातला आवाज मलाच चीड आणणारा होता. "मला फसवायला? मी रोज विचारते, रोज हो म्हणता!"

"तू विचारतेस म्हणून म्हणतो," हे म्हणाले. "हळू बोल."

"कशाला हळू? कोण आहे इथं?" मी टाकीवर मूठ आपटली. लगेच बाहेरून ठोका आला. काचेत भाऊजींचं तोंड दिसलं, काळजीने वाकडं झालेलं. मी एक ठोका दिला आणि त्यांच्याकडे बघून हसले. काय करणार?

हे शांत होते. घरात कधी एवढे शांत नसायचे. म्हणाले, "मला बरं व्हायचं नाही असं नाही. पण रोज सकाळी उठून बरं व्हायला निघायचं आणि रोज रात्री तिथंच असायचं, हे आता नको. दमलो मी. तुम्ही दमत नाही, म्हणून मी जास्त दमतो." काचेकडे बोट केलं. "एवढी टाकी केली. गेज लावलं, काच लावली, व्हॉल्व्ह लावला. चाकाची खुर्ची करावी असं एकाला तरी सुचलं का? चार नळ्या आणि सायकलची दोन चाकं. अर्ध्या दिवसाचं काम. मला दारापर्यंत जाता आलं असतं. वर्ष झालं, मी रस्ता बघितला नाही."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खरंच, कुणाला सुचलं नव्हतं. खुर्ची म्हणजे चालणार नाहीत असं कबूल करणं. मलाही सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तर मी घरात येऊ दिली नसती. ह्यांना दारात बसवायचं म्हणजे सगळ्या चाळीने बघायचं. बरे होऊन दारात येतीलच की, असं मी धरून चालले होते.

"तू सांग त्यांना," हे म्हणाले. "माझ्या तोंडून निघत नाही. तू सांगशील ना?"

"सांगते."

"शपथ?"

मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. केस कोरडे, राठ लागले. तेवढ्यात हवा सोडायला सुरुवात झाली आणि टाकीत धुकं भरलं, खरोखरचं, गार. हे मला दिसेनासे झाले. मी हात काढला नाही. त्या धुक्यात बसून मी रडले. आपला नवरा चालणार नाही, हे मला त्या दिवशी तिथं कळलं, त्याआधी कधी कळलं नव्हतं. आणि कळल्यावर, खरं सांगते, जीवाला थोडं बरं वाटलं.

झाकण निघालं. मी आधी बाहेर आले, पाय मुंग्यांनी भरलेले, माझे. ह्यांना सरकवून कॉटवर घेतलं. सगळे भोवती उभे. मी पदराने तोंड पुसलं आणि एका दमात सांगून टाकलं. "मुंग्या आल्या नव्हत्या. कधीच नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हे बोलले. आता टाकी बंद करायची. करायचंच असेल तर ह्यांना चाकाची खुर्ची करा."

कॉम्प्रेसर कुणीतरी बंद केला.

"खुर्ची?" भाऊजी म्हणाले. "खुर्ची कशापायी? उभा ऱ्हाईल की त्यो." त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते कॉटच्या पायथ्याशी बसले, ह्यांचं पाऊल मांडीवर घेतलं आणि त्यावर हात ठेवला. तोच हात, ज्याने क्रेनला इशारा केला होता. "गड्या, तू सांग. वहिनी काय म्हनत्यात? आल्त्या का न्हाई मुंग्या?"

हे त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं, अगदी क्षणभर, आणि मान वळवली.

"आल्या होत्या," हे म्हणाले. "आज पण. जरा जास्तच."

"बगा!" भाऊजी ओरडले. "मी म्हनलं न्हवतं? वहिनी घाबरल्या आत, म्हनून तसं बोलत्यात. फुडच्या रविवारी दाब वाढवू!" सगळ्यांना एकदम वाचा फुटली. माणसं कॉटवर ओणवी झाली, कुणी पायाचा अंगठा चोळतंय, कुणी "हलव, हलव" म्हणतंय. मी मागे एकटी उभी होते, चार माणसांत खोटी पडलेली. ह्यांच्या तोंडून खरं ऐकून मला घटकाही झाली नव्हती. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून मी शपथ घेतली होती. हे खोटं बोलतायत, हे त्या अंगणात फक्त मला माहीत होतं.

तरी मी दोघांना कोपराने बाजूला सारलं, पुढे घुसले, जमिनीवर गुडघे टेकले आणि त्या अंगठ्याकडे डोळे लावून विचारलं, "हलला का?"